डॉक्टरांनी सांगितलंय

हरसूलकडच्या आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तोंडाने फटकळ होत्या. टाके घालताना, गळू फोडताना त्या आधी मोठ्याने म्हणायच्या, "डॉक्टरांनी सांगितलंय!" डॉक्टर म्हणजे मी. दुपारनंतर मी नाशकात, द्वारका चौकाजवळच्या माझ्या खासगी दवाखान्यात असायचो. ही कामं करायची नर्सला परवानगी नव्हती, म्हणून ते वाक्य.

एकदा एका बाळंतिणीची पोटात अडकलेली वार त्यांनी हाताने काढली. बाई वाचली, पण गोष्ट वरिष्ठांपर्यंत गेली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," सिस्टर म्हणाल्या.

"मी नाही सांगितलं," मी म्हणालो. त्यांची वेतनवाढ थांबली.

पुढे पुन्हा तशीच बाई आली. सिस्टरनी मला फोन लावला.

"वार अडकलीय. रक्त लय जातंय. काढू?"

"काढा की."

"मला नका सांगू साहेब. हिच्या सासूला फोन देते, तिला सांगा."

मी म्हणालो, "नाशिकला पाठवा."

"ऐका हो मावशी," फोनमधून त्यांचा आवाज आला, "नाशिकला न्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

वाटेत त्र्यंबक यायच्या आधी जीपमध्येच बाईने प्राण सोडला. सिस्टरचं ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा खरं होतं.