चादरीवरचं पाऊल

गल्लीच्या तोंडाशी, दोन इमारतींच्या बेचक्यात बूटकाकाचं दुकान होतं. दुकान कसलं, उभं केलेलं खोकंच ते. आत तो मांडी घालून बसला की माशीनेसुद्धा विचारून यावं. समोर बूट उलटा चढवून ठोकायचा लोखंडी पाय, हाताशी भोकं पाडायची आरी, चामडं कापायची रापी आणि हातोडी, आणि खाली सगळीकडे वर्षानुवर्षं सांडलेल्या काळ्या पॉलिशची भुकटी. त्याची नखं काळी, तळवे काळे, पण माणूस असा की लोक त्याच्याशी भांडायला म्हणून जायचे आणि हसत परत यायचे. त्याचा आवाज चढलेला गल्लीत कुणी ऐकला नव्हता.

त्याची एक खोड होती. नवा बूट चावत असेल तर बाकीचे मोची त्यात लाकडी साचा ठोकून ठेवतात. बूटकाकाला ते पटायचं नाही. करंगळीला कुठं लागतंय ते लाकडाला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. तो जाड मोजे चढवून गिऱ्हाइकाचा बूट स्वतःच घालायचा, त्यातच घरी जायचा, त्यातच सकाळी परत यायचा, आणि चामडं नरम पडलं की मालकाच्या हवाली करायचा. त्याच्या स्वतःच्या चपला बिचाऱ्या दुकानात धूळ खात पडलेल्या असायच्या. संध्याकाळी दारावर टकटक झाली की बायको आतून विचारायची, "आज कुणाच्या पायांनी आलात?" आणि तो सांगायचा, "आज डॉक्टरांच्या," नाहीतर "आज तुझ्या त्या शिष्ट मास्तरांच्या." मग ती कडी काढायची. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून घरात तेवढाच काय तो हशा उरला होता.

मग एके दिवशी भर दुपारी त्यांचं घर फुटलं.

बायको दुपारचं जेवण घेऊन दुकानात आली होती आणि शिवण उसवलेल्या पिशव्या शिवत तिथंच बसली होती. संध्याकाळी दोघं परतली तेव्हा कुलूप जसंच्या तसं लटकत होतं, पण ज्या कडीला ते लावलं होतं ती चौकटीचं लाकूड फाडून बाहेर आली होती. आत कपाट तोंडावर पाडलेलं. पिठाचा डबा जमिनीवर ओतून त्यात बोटं घालून चाचपलेलं. उशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरलेल्या आणि खोलीभर कापूस. बायकोचे कपडे तुडवलेले, आतले कपडेसुद्धा, एकेक उलगडून बघून फेकलेले. आईने तिला दिलेली सोन्याची कर्णफुलं गेली होती, रेडिओ गेला होता. आणि मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला बूटकाकाने मऊ चामड्याचे इवलेसे बूट शिवले होते, ते ज्यात ठेवले होते तो डबाही गेला होता. डब्यात काही मोलाचं असेल असं त्या मेल्याला वाटलं असावं. त्यातला एक बूट दुसऱ्या दिवशी मागच्या गटारात सापडला. दुसरा मिळालाच नाही.

बायकोला मात्र सगळ्यात किळस आली ती एका काचेच्या पेल्याची. तो माणूस तिच्या पेल्यातून पाणी प्यायला होता आणि त्याने पेला ओट्यावर नीट उपडा घालून ठेवला होता, घरच्यासारखा. तिने तो पेला रस्त्यावर नेऊन भिंतीवर फोडला आणि मग रडत रडत पलंगावरचा कापूस गोळा करायला लागली. कापूस उचलला तसं खाली, चादरीच्या मधोमध, एक काळं पाऊल निघालं.

बूटकाका खाली वाकून बघायला लागला. टाचेवर खिळ्यांची नाल होती आणि नालेच्या मध्ये एकटा एक खिळा. तो मधला खिळा सासऱ्याने त्याला शिकवला होता, आणि सासरा गेल्यापासून तसा खिळा मारणारा शहरात तो एकटाच होता. शिवाय नालेतल्या एका खिळ्याचं डोकं बाकीच्यांपेक्षा मोठं होतं. बारीक खिळे संपले म्हणून एकदा त्याने एक मोठा मारला होता, हे त्याला पक्कं आठवलं. पण कुणाच्या बुटाला मारला, ते डोकं फोडून घेतलं तरी आठवेना. म्हणजे ज्याने घर फोडलं तो त्याच्यापुढे स्टुलावर बसून गेला होता. त्याच्या हातचं काम पायात घालून त्याच्याच अंथरुणावर उभा राहिला होता.

हवालदार आला, कडी बघितली, जांभई दिली. "अशा चोऱ्या रोजच्याच आहेत, काका. जीव वाचला ना?" म्हणाला. पाऊल दाखवलं तर म्हणाला, "पॉलिशसारखं दिसतंय," आणि निघून गेला.

बूटकाकाने मात्र ती चादर हलू दिली नाही. पलंग तसाच ठेवला आणि दोघं खाली जमिनीवर झोपायला लागली. बायको म्हणाली, "अहो, धुऊन टाकते मी ती. माझ्याच्यानं बघवत नाही." तो म्हणाला, "तो सापडेपर्यंत हात लावायचा नाही." इतक्या वर्षांत त्याने तिला असं दरडावलं नव्हतं.

तिचं तर पारच बिनसलं होतं. कपडे पुन्हा पुन्हा धुवायची आणि नाकाशी धरून म्हणायची, अजून वास येतोय. आधी घरात एकटी गाणं गुणगुणत कामं उरकणारी बाई, आता एकटी उंबरा ओलांडेना. दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राहायची आणि त्याच्याबरोबरच घरी जायची. रात्री कडी लावली की दाराशी पातेल्यावर पातेलं, त्यावर तवा, त्यावर झाकणं अशी उतरंड रचायची, कुणी दार ढकललंच तर आवाज व्हावा म्हणून. बूटकाकाला ते बघवत नसे. "मी त्याला तुझ्यापुढे आणून उभा करतो," तो म्हणायचा. "त्याचा चेहरा बघितलास की तुझी भीती जाईल." त्याला खरोखरच तसं वाटायचं. तिला पुन्हा एकटीला घरात शिरता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण त्या इच्छेपोटी त्याच्या डोक्यात जे शिजत होतं ते भयंकर होतं.

टाचेत खिळा ठोकताना त्याला बोटं दिसायची. पिठात खुपसलेली, तिचे कपडे उलगडणारी. तो हातोडी अशी घालायचा की खिळा तळातून आरपार जायचा आणि बूट वाया जायचा. रापीने चामडं कापताना तो मनातल्या मनात कुणाचा तरी गाल कापत असायचा, आणि ते त्याला गोड लागायचं, हे विशेष. येईल त्या गिऱ्हाइकाचा पाय तो घोट्याशी धरून टाच बघायला उलटा करायचा. एका म्हाताऱ्याचा घोटा त्याने असा पिरगळला की बिचारा स्टुलावरून कोसळला. एक बाई म्हणाली, "काका, विचारून तरी बघा ना," तर त्याने आरी उचलून स्टुलाच्या लाकडात मुठीपर्यंत खुपसली. ती बाई पुन्हा आली नाही. शेजारचा घड्याळवाला, ज्याच्याशी वर्षानुवर्षं त्याची चेष्टामस्करी चालायची, तो एकदा म्हणाला, "अरे, जरा दमानं घे. एका चोरापायी अख्खी गल्ली तुला सोडून जाईल." बूटकाकाने त्याच्याकडे असं बघितलं की घड्याळवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि कामात मान घातली.

पायरीवर बसलेली बायको हे सगळं बघत होती. हळूहळू ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसायला लागली होती. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

एका दुपारी मीटरवाला आला. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणारा, हसतमुख, लग्न नुकतंच ठरलेला पोरगा. त्याच्या बुटाची टाच एका बाजूने सुटली होती. "काका, दिवसभर जिने चढून वाट लागते हो बुटांची," म्हणत त्याने उजवा बूट काढून पुढे केला. बूटकाकाने तो उलटा केला. खिळ्यांची नाल, मध्ये एकटा खिळा, आणि नालेत एक मोठं डोकं.

घरोघरी जाणारा, कोण कधी घरी नसतं ते ठाऊक असलेला, आणि वर काका काका करणारा.

त्याने मीटरवाल्याचं मनगट पकडलं, खसकन पुढे ओढलं, उजवा हात लोखंडी पायावर पालथा दाबला आणि हातोडी घातली. हाडाचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा झाला. पोरगा ओरडला आणि गुडघ्यावर आला. "कर्णफुलं कुठायत?" बूटकाकाने विचारलं आणि दुसरा घाव घातला. बोटांची कातडी फाटली, रक्त पॉलिशच्या भुकटीत मिसळून चिखल झाला. "पेल्यातून पाणी प्यायलास ना?" तिसरा घाव मनगटावर बसला. पोराने डाव्या हाताने त्याचा पाय धरला. तो रडत रडत म्हणाला, "काका, कसली चोरी? तेव्हा बूट तुमच्याकडेच होते. टाचेला खिळे मारून सैल करायला दिले होते ना मी. तुमची चोरी झाली तेव्हा तर मी चपलेवर फिरत होतो."

बूटकाकाने ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि ऐकल्यावरही त्याने आणखी दोन घाव घातले, कारण हात थांबायला तयार नव्हता.

मग घड्याळवाल्याने त्याला मागून कवेत धरलं, कुणी हातोडी हिसकावली, कुणी पोराला फडक्यात हात गुंडाळून गाडीत घातलं. बूटकाकाने पायरीकडे बघितलं. बायको उभी होती. तिच्या तोंडावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि ती ते पुसतही नव्हती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, पदराने तोंड टिपलं, दुकानातल्या खिळ्याला टांगलेली घराची किल्ली काढली आणि चालू लागली. एकटी.

चौकीत त्याला जसा होता तसा, अनवाणीच नेलं. त्याला बाकावर बसवलं. तोच हवालदार समोर होता, पण या वेळी जांभई देत नव्हता. "घड्याळवाला सांगून गेला," तो म्हणाला. "चोरीच्या दुसऱ्या दिवशी तुमचं दुकान बंद होतं, तेव्हा त्याच्याकडच्या किल्लीनं उघडून ते बूट त्यानंच फळीवरून काढून पोराला दिले. त्या पोराचा हात कामातून गेला, काका. आता सांगा, कशावरून मारलंत?"

"पाऊल," बूटकाका म्हणाला.

दिवेलागणीला हवालदाराने बटण दाबलं तर बल्ब लुकलुकायला लागला. "हा रोजचाच ताप आहे," म्हणत तो बूट न काढताच बाकावर चढला, बल्ब फिरवून घट्ट केला आणि खाली उतरला. बाकावर, बूटकाकाच्या मांडीला लागून, त्याच्या बुटाचा मातकट ठसा उमटला होता.

बूटकाका त्या ठशाकडे बघत राहिला, आणि त्याला आठवलं. चोरीच्या दिवशी सकाळी बायको न्हाणीघरात होती. पलंगावरचा बल्ब गेला म्हणून ती कितीतरी दिवस मागे लागली होती. दुकानात जायच्या घाईत तो पलंगावर चढला, बल्ब बदलला, खाली न बघताच चादरीवर गोधडी ओढली आणि तसाच निघाला. पायात करंगळीला चावणारे कुणाचे तरी नवे बूट होते. दुकानात गेल्यावर ते नरम पडलेले वाटले म्हणून त्याने काढून फळीवर ठेवले आणि विसरून गेला. परक्याच्या बुटातला पाय त्याने आयुष्यात कधी स्वतःचा धरलाच नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "ते पाऊल माझं होतं."

हवालदाराला काही उमगलं नाही. पोराचा जबाब अजून व्हायचा होता, म्हणून त्याने सह्या घेतल्या, सकाळी हजर राहायला बजावलं आणि त्याला सोडलं. बूटकाका अनवाणी चालत निघाला. घड्याळवाल्याचं दुकान अजून उघडं होतं. घड्याळवाल्याने त्याला येताना बघितलं आणि शटर खाली ओढलं.

घराबाहेरच्या दोरीवर चादर वाळत घातली होती. पाणी ठिबकत होतं. त्याने ती दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे केली. मधोमध काही उरलं नव्हतं, पार घासून काढलं होतं. आत दिवा होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच एकटी घरात शिरली होती, आणि हेच तर त्याला हवं होतं. त्याने दारावर टकटक केली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी," तो म्हणाला.

आज कुणाच्या पायांनी आलात, असं ती नेहमीसारखं विचारील म्हणून तो थांबला. विचारलं असतं तर या वेळी उत्तर तयार होतं. माझ्याच, एवढंच म्हणायचं होतं. पण दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, भांड्याचा आवाज झाला. तिने पातेलं खाली ठेवलं, त्यावर दुसरं ठेवलं, आणि त्यावर तवा.