चक्रवाकाचं पीस

लढाईहून परत आलो त्या हिवाळ्यात मला नुसतं झोपायचं होतं. पण लोक झोपू देतील तर शप्पथ! जो तो दारात येऊन विचारायचा, "किती मारलंस रं, गड्या?" वैताग नुसता. वर हाताला थरथर लागलेली. वडिलांना, म्हणजे आबांना, अलीकडे डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून त्यांना ती कळत नाही एवढंच बरं वाटायचं. घरातल्या कटकटीपेक्षा थंडी परवडली, असं म्हणून मी त्यांचं काम अंगावर घेतलं.

आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. तिथून कोसभरावर संस्थानचं राखीव तळं होतं आणि आबा त्याचे राखणदार. सरकारांशिवाय तिथं कुणी खडासुद्धा मारायचा नाही. थंडीत चक्रवाक उतरले, की काठावर गळालेलं एक पीस उचलायचं आणि खूण म्हणून ते राजवाड्यावर नेऊन वर्दी द्यायची. मग सरकार पाहुणे घेऊन शिकारीला येत. तीस हिवाळे आबांची वर्दी चुकली नव्हती. चुकली तर राखणदारी जाणार, हे ठरलेलं.

मी रोज उजाडताच जाऊन बाभळीखाली बसायचो. अंग मोडून आलेलं असायचं. एका सकाळी बघतो तर पाणी विटकरी पाखरांनी भरून गेलेलं. कुठून कुठून उडून आलेली, पाठीत चोच खुपसून निवांत झोपलेली. मला त्यांचा हेवाच वाटला. पायाशी एक पीस पडलं होतं. ते उचललं आणि कानात बंदुकांचे बार वाजायला लागले. नको, पुन्हा ते नको! पीस मी मिलिटरीच्या कोटाच्या खिशात कोंबलं.

"आली का रं पाखरं?" घरी आबांनी विचारलं.

"न्हाई अजून."

रोज तेच विचारणं, रोज तेच खोटं. आठवड्याभरानं राजवाड्यावरून स्वार आला. आबा अंगणात उन्हाला बसले होते, थंडी वाजते म्हणून माझा कोट चढवून. मी त्यांचा चहा घेऊन बाहेर आलो तर त्यांचा हात नेमका त्या खिशात.

"काय म्हातारबा, यंदा वर्दी न्हाई?"

आबांचा हात खिशात हलला, थांबला.

"पाखरं उतरलीच न्हाईत. सरकारास्नी सांगा."

"मग दुसरा राखणदार बघत्याल. कळतंय का?"

"व्हय. कळतंय."

स्वार गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "आबा, आवं, मी..."

त्यांनी पीस काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात चाचपडत ठेवलं. "नवा माणूस नेमंस्तवर हिवाळा सरंल. जात्याल पाखरं." मग माझ्या हातातली कपबशी त्यांनी हळूच काढून घेतली.

"ल्येका, तू आल्यापासनं रोज सकाळी ही बशी वाजतीया. आधी ती थांबू दे."