खिडकीवर आता कोणी येत नाही

राहनाळच्या एका गोदामात रामनाथ म्हात्रे अठरा वर्षं कम्प्युटरवर बसला. त्याच्या केबिनला एक खिडकी होती. हजेरी, सुट्टीचा अर्ज, चलान, गाडीचा गेटपास, सगळं तिथूनच व्हायचं. प्रिंटर जुना, कागद बाहेर यायला वेळ घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात माणसं बोलायची. कोणाच्या मुलीला दहावीला किती पडले, कोणाची म्हैस व्याली, कुठल्या ड्रायव्हरचं गावी लग्न ठरलं, रामनाथला सगळ्यात आधी कळायचं. बायको वारली, मुलगी मृणाली नाशिकला सासरी गेली, तेव्हापासून घरी बोलायला कोणी नव्हतं. त्याचं काय ते बोलणं खिडकीवर व्हायचं.

मागच्या वर्षी मालकांनी तळहाताएवढी मशिनं आणली. प्रत्येक हमालाच्या हातात एक. खोका समोर धरला की नोंद होते, कुठल्या रांगेत ठेवायचा तेही मशीनच सांगतं. हजेरी, सुट्टी, चलान, गेटपास, सगळं त्यावरच. एकदा चार्ज केलं की दिवसभर चालतं.

मालक माणूस भला. म्हणाले, "रामनाथ, तुझी नोकरी कुठं जात नाही. लोक गेले की मशिनं चार्जिंगला लागलीत का बघ, एवढंच."

मशीन कसं वापरायचं ते सगळ्यांना रामनाथनेच शिकवलं. अंबाडीकडच्या नवशाला तर तीन दिवस लागले. बारा वर्षं नवशाचे अर्ज रामनाथ टाइप करत आला होता. नवशाला लिहिता फारसं येत नव्हतं. 'आई गुणाबाई आजारी असल्याने' हे वाक्य रामनाथला पाठ झालं होतं. तिसऱ्या दिवशी नवशाने स्वतः बटण दाबून सुट्टी टाकून दाखवली, तेव्हा रामनाथने त्याची पाठ थोपटली.

मग खिडकीवर कोणी येईना. कम्प्युटर तापू नये म्हणून लावलेला एसी रामनाथच्या एकट्यासाठी चालायचा.

एका दुपारी नवशाचं मशीन बंद पडलं, म्हणून तो खिडकीशी आला. घाम पुसायला त्याने टोपी काढली. डोक्यावर बोटाच्या पेराएवढेसुद्धा केस नव्हते.

"केस का रे काढलेस?"

"आई गेली, दादा."

"कधी?"

"सव्वा महिना झाला."

"मला सांगितलं नाहीस?"

नवशा गोंधळला. "सुट्टी मशीनवर टाकली ना. तुम्हीच शिकवलेली. लगेच मंजूर झाली. हितं यायचं काम पडलं न्हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रामनाथला लागलं ते त्यामुळेच.

रविवारी तो स्कूटरने अंबाडीच्या पुढे नवशाच्या पाड्यावर गेला. नवशा कुंपण बांधत होता. त्याच्या बायकोने कोरा चहा आणला. दोघं ओट्यावर बसले.

"आईचा फोटो हाय का?" रामनाथने विचारलं.

नवशाने मोबाइल पुढे केला. दारात बसलेली एक बारकीशी म्हातारी, उन्हामुळे डोळे किलकिले करून बघत होती.

"एवढ्या बारीक?" रामनाथ म्हणाला. "मी नाव टाइप करायचो ना, तेव्हा मला वाटायचं, चांगल्या जाडजूड असतील."

नवशा हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं. रामनाथने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

सोमवारी त्याने मालकांना विचारून आपलं टेबल केबिनमधून काढलं आणि पाण्याच्या टाकीजवळ मांडलं. कम्प्युटर आतच राहिला. दुपारी माणसं पाणी प्यायला येतात. फार वेळ थांबलं की हातातलं मशीन पिकपिक करायला लागतं, म्हणून घाईत असतात.

"बरं हाय ना, काका?"

"बरं हाय. तुझं?"

उत्तर येईपर्यंत माणूस रांगेकडे वळलेला असतो. नवशा तेवढा बाटली हळूहळू भरतो. दिवसभरात अशी पाच-सहा वाक्यं होतात.