नऊ बोंबील

‘श्री. हरेश्वर धर्मा कोळी, वय वर्षे एकसष्ट, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम. सदर व्यक्ती परंपरागत सागरी ज्ञानाचे जिवंत भांडार असून मासळी पकडणे, सुकवणे व टिकवणे या विषयांतील अधिकृत स्थानिक जाणकार आहेत. सहभागींनी त्यांच्याशी मोकळेपणाने संवाद साधावा. सोबत पाण्याची बाटली व टोपी आणावी.’

हा मजकूर ‘पाऊलखुणा’ नावाच्या संस्थेच्या घडीपत्रकावर मागच्या बाजूला छापलेला आहे. उपनगरांतल्या जुन्या वस्त्यांतून सुट्टीच्या दिवशी सकाळी लोकांना चालवणं हे या संस्थेचं काम. मजकुराशेजारी फोटो आहे. त्यात हरेश्वरने कमरेला लाल रुमाल बांधलाय आणि डोक्याला कानटोपी घातलीय. रुमाल त्याच्या वडिलांचा. हरेश्वर स्वतः जन्मभर बर्म्युडा घालून समुद्रावर गेला.

सव्वीस वर्षं तो थोरल्या भावाच्या होडीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, त्याचा शब्द खलाशांनी ऐकायचा असतो. हरेश्वरचा हुकूम खलाशी ऐकत, पण गोष्टी ऐकायला कुणी तयार नसे. देवीच्या देवळाची घंटा कुणी आणली, मढच्या किल्ल्याखाली कोणती होडी फुटली, आजोबा नुसत्या पाण्याच्या रंगावरून बोंबलाचा थवा कसा ओळखत, असं काही तो सुरू करी आणि होडीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, कुणीतरी ओरडे, “तांडेल, तोंड मिट, जाला भरतंय!” पुढे भाऊ गेला, गुडघे गेले, होडी विकली. सांगण्यासारखं तेवढं शिल्लक राहिलं, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

अशात त्याला ‘पाऊलखुणा’ची दिशा भेटली. दिशा भांडुपची. तिचे आजोबा गुणाजी कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. ती गिरणी जिथे होती तिथे आता काचेची इमारत आहे आणि दर शनिवारी दिशा लोकांना त्या इमारतीभोवती फिरवून आजोबांविषयी सांगते. वेसाव्याच्या धक्क्यावर तिने हरेश्वरला पाहिलं तेव्हा तो मढला जायला निघालेल्या एका अनोळखी माणसाला डोलजाळ्याचं तोंड भरतीकडे का लावतात ते समजावत होता. त्या माणसाच्या दोन फेरीबोटी चुकल्या होत्या.

“काका,” दिशा म्हणाली, “हे तुम्ही दर रविवारी कराल का?”

हरेश्वरला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुढे बोलायला सांगत होतं.

रविवारची चाल धक्क्यापासून सुरू होई. गल्लीतून देऊळ, देवळामागची विहीर, लाकडी खांबांचं एक जुनं घर, जाळी विणायची शेड, आणि शेवटी खळं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. खाडीच्या कडेला, चार होड्या शेजारी शेजारी लावाव्यात एवढी रुंद. तिथे बांबू रोवलेले आणि बांबूंवर दोऱ्या. बोंबील दोन-दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवरून टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत पंधरा बायका रोज हजारो जोड्या टाकत. त्यांची म्होरकी अंजनाबाई, हरेश्वरची विधवा भावजय, सहासष्ट वर्षांची. तिचा एकच कायदा होता: बोंबील दोरीवर. जमिनीवर पसरलेला दिसला की ती पाटी पालथी करी.

“भुईवर वालवला का वालू आलीच,” ती म्हणे. “मग खानाऱ्यानं काय दात पाडून घ्यायचं?”

तिच्या बोंबलात वाळूचा कण सापडत नसे. भांडुप-मुलुंडच्या बायका तेवढ्यासाठी वेसाव्याला यायच्या.

चालीला आलेली माणसं मात्र खळ्यावर पोचली की बोलायची थांबत. काही जण ओढणी नाकाला लावून फार रस वाटतोय असा चेहरा करत. एका बाईंनी अभिप्रायात लिहिलं, ‘अत्यंत माहितीपूर्ण. शेवटी वास.’ दिशाने तो कागद हरेश्वरला दाखवला, आणि लगेच म्हणाली, “काही नाही हो काका, लोक काय, काहीही लिहितात.”

तिने तेवढंच म्हटलं होतं. पुढचं सगळं हरेश्वरने केलं. पाव्हणा यायचा तर अंगण झाडून घ्यायचं, जाळ्यांचे ढीग बाजूला सारायचे, उंबऱ्यावर पाणी मारायचं, ही कोळ्याच्या घरची रीत. त्याने ती खळ्याला लावली. शनिवारी संध्याकाळी बायकांनी दोऱ्या रिकाम्या करायच्या, माल घरात न्यायचा, खळं झाडायचं. रविवारी माणसं गेली की पुन्हा टाकायचा.

“आरं, अर्धा वालल्याला माल ढिगात घातला का गरम होतंय,” अंजनाबाई म्हणाली. “लाल पडतंय. कुत्रा नाय खायाचा.”

“एका रातीचा काय होतंय, वयनी? पावनी येतान घरात.”

“तुजी पावनी. माजी येतान ती पिशवी घेऊन येतान.”

पण तिने माल काढला. दीर होता, आणि नवऱ्यामागे बाहेरच्या जगाशी बोलायचं काम त्याच्याकडे आलं होतं. दर आठवड्याला दोन-चार पाट्या लाल पडत, त्या ती खाडीत टाकी. हरेश्वर त्या वेळी देवळाकडे असे.

लोकांना अगदीच काही दिसू नये हेही बरं नव्हतं, म्हणून तो नऊ बोंबील ठेवी. चार जोड्या दोरीवर आणि नववा हातात. जबड्यात जबडा कसा अडकवायचा ते तो नवव्यावर दाखवी. मग लोक आळीपाळीने तो नववा धरून फोटो काढून घेत.

तिसऱ्या वर्षी सरकारी पाहणीची नोटीस आली. प्रत्येक कोळीवाड्याची हद्द आखायची होती आणि हद्दीच्या आत काय कशासाठी वापरलं जातं ते नकाशावर लिहायचं होतं. मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीने, निलेशने, नोटीस देवळासमोर वाचून दाखवली. ‘मासळी सुकवण्याची जागा’ असं लिहिलं गेलं तर खळं राहणार. नाही तर ते ‘मोकळी जागा’ ठरणार. या शहरात मोकळी जागा किती दिवस मोकळी राहते, हे वेसाव्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पाहणी जानेवारीतल्या बुधवारी होती. मंगळवारी दुपारी हरेश्वर खळ्यावर आला. दोऱ्या इतक्या भरल्या होत्या की खाडी दिसत नव्हती.

“वयनी, उद्या सकाळच्या आत काडायला लागंल.”

अंजनाबाईच्या हातातली जोडी हातातच राहिली. “उद्या? उद्या तर जास्त टाकनार हाय. बघू दे सायबाला. नाकात जाऊ दे त्याच्या.”

“आगो, सरकारी मानूस. बुटाखाली खवला आला, पहिल्याच पावलाला त्वांड वाकडा केला, तर काय लिवनार तो? मी तीन वर्सा मानसा फिरवतंय. मोठी मानसा कशी खूश होतान ता मना विचार.”

“आमी खूश करायाला नाय बसलो हितं. आमी मासली वालवतो.”

“निलेशला विचार हवं तर.”

निलेशला विचारलं. निलेश बँकेत नोकरीला. तो म्हणाला, “काकांना अनुभव आहे. लोक त्यांचं ऐकतात.”

अंजनाबाईने हातातली जोडी दोरीवर टाकली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा काढून पाटीत ठेवली. “तुज्या भरवशावर हा, हरेश्वर,” ती म्हणाली. मग इतर चौदा जणींना हाक मारली.

बुधवारी तीन माणसं आली. एक साहेब, एक यंत्रवाला, एक वहीवाला. हरेश्वरने लाल रुमाल नेसला होता. त्याने त्यांना धक्क्यापासून सुरुवात करून दिली. घंटेची गोष्ट सांगितली, फुटलेल्या होडीची सांगितली, आजोबांची सांगितली. साहेबांनी कुठेही घड्याळ बघितलं नाही. खळ्यावर पोचले तेव्हा जमीन झाडलेली, वर पाणी मारलेलं, कडेला रांगोळी. दोरीवर चार जोड्या. हरेश्वरने नववा हातात घेतला.

“अरे वा,” साहेब म्हणाले. “मला वाटलं होतं, नाकाला रुमाल लावावा लागेल. फार छान ठेवलंय हो तुम्ही.”

“आमची रीत हाय, सायेब.”

यंत्रवाल्याने चारी कोपरे मोजले. वहीवाल्याने लिहिलं. जाताना साहेबांनी नववा हातात धरून फोटो काढून घेतला.

हरेश्वर घरी येऊन अंजनाबाईला म्हणाला, “झकास झाला. मानूस एकदम खूश.” अंजनाबाई लाल पडलेला माल निवडत होती.

मे महिन्यात कागद आला. निलेशने तो देवळासमोर वाचला. ‘पाहणीवेळी सदर जागा मोकळी व स्वच्छ आढळली. प्रात्यक्षिकापुरती मासळी (नग नऊ) ठेवलेली दिसली. जागेचा वापर सांस्कृतिक स्वरूपाचा आहे. सबब नोंद: मोकळी जागा. हरकत असल्यास पुराव्यासह सादर करावी.’

“नग नऊ म्हंजी काय?” अंजनाबाईने विचारलं. निलेशने कागदाची घडी घातली.

पुरावा म्हटल्यावर हरेश्वरचा चेहरा उजळला. पुरावा त्याच्याकडे होता. तीन वर्षांत शेकडो लोकांनी खळ्याचे फोटो काढले होते, सगळ्या जगाने पाहिले होते. दिशाने निवडून एक्केचाळीस छापून आणले, जाड चकचकीत कागदावर, मागे तारखा घालून. देताना ती म्हणाली, “काका, यांत खळं जरा रिकामंच दिसतंय ना?”

“जागा तर दिसते ना,” हरेश्वर म्हणाला.

सुनावणी जुलैत लागली. साहेब दुसरे होते. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले, लग्नाचा अल्बम पाहावा तसे.

“यात मासळी कुठाय, आजोबा?”

“ही काय.” हरेश्वरने बोट ठेवलं.

साहेबांनी मोजले. “आठ. आणि एक तुमच्या हातात. या दुसऱ्यात? आठ. आणि एक या मॅडमच्या हातात.” त्यांनी आणखी दहा-बारा फोटो पाहिले. “हे नऊच का असतात?”

“ती दाखवायाला ठेवतंव, सायेब. बाकीची काडून ठेवतंव.”

“कुणासाठी?”

“पावन्यांसाठी.”

“बरं. मग रोज सुकवता, त्याचा एखादा फोटो?”

हरेश्वरने अंजनाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “सायेब, मी रोज भात शिजवतंय. त्याचा पन फोटो नाय माज्याकडं.”

साहेब हसले. चांगल्या मनाने हसले.

“चला माज्याबरोबर आता, दाखवतंय खला,” अंजनाबाई म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. जुलै होता. होड्या वर ओढलेल्या, बांबू पाडून ठेवलेले, खळ्यावर चिखल.

“पाहणी झालीय की, आजी. ऐन हंगामात झालीय,” साहेब कागद बघत म्हणाले. “तुमच्याच माणसाने फिरवलंय. त्यांचा जबाब आहे, चांगला चार पानांचा. घंटाबिंटा सगळं आहे यात.”

बाहेर आल्यावर हरेश्वर रिक्षाला हात करत राहिला. एकही थांबेना. अंजनाबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, “जलमभर तुजा कुनी ऐकला नाय रं. आज सरकारनं ऐकला.” हे ती रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दिवाळीपर्यंत खळ्यावर फरशी बसली. चार बाकडी आली, मधे सिमेंटची होडी आली आणि तिच्यात जास्वंद लावली गेली. कडेला फलक लागला: ‘वारसा चौक. येथे पूर्वीपासून कोळी बांधव मासळी सुकवत आले आहेत.’ त्याखाली लाल अक्षरांत: ‘येथे मासळी सुकवण्यास सक्त मनाई आहे.’ पंधरा बायकांपैकी चार जणी बंगल्यांत धुण्याभांड्याला लागल्या, काही घरी बसल्या. अंजनाबाई धक्क्यावर ओला बोंबील घेते आणि दुपारच्या आत मिळेल त्या भावाला विकून टाकते. उरलेला सुकवायला आता जागा नाही.

चाल चालू आहे. किंबहुना गर्दी वाढली आहे, कारण शेवटी बसायला बाकडी आहेत. मनाई असल्यामुळे नऊ बोंबील ठेवता येत नाहीत, म्हणून दिशाने फायबरचे करून आणले. रंग हुबेहूब. जबडे उघडमीट होतात. दिशाने ते पहिल्यांदा पिशवीतून काढले तेव्हा हरेश्वरकडे बघितलं नाही, आणि हरेश्वरनेही तिच्याकडे नाही. चार जोड्या दोरीवर, नववा हातात. मध्ये एका कॉलेजच्या पोरीने विचारलं, “काका, मग आता तुम्ही लोक कुठे सुकवता?” हरेश्वर आजोबांची गोष्ट सांगत होता. त्याने ती पुढे सांगितली.

यंदाच्या घडीपत्रकात त्याच्या नावापुढे एक ओळ वाढली आहे: ‘सुक्या मासळीच्या परंपरेचे संवर्धक.’

गेल्या शनिवारी घरात सुका बोंबील नव्हता. हरेश्वरने मालाडच्या बाजारातून पाव किलो विकत आणला. अंजनाबाईने तो भाजला. त्यात वाळू होती.