भिंतीवरचं पॅड, उजवी बाजू

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ. हजर: शिंदे सर, मुख्य कोच. बागवान सर, सहायक कोच. मिडलवेटचे दोन उमेदवार, सुमेध आणि अक्षय. आणि मी, मॅनेजर.

येरवड्यातल्या आमच्या बॉक्सिंग क्लबात ठोसे मारणं सोडून बाकी सगळं माझ्याकडे असतं. वजन करणं, नावं पाठवणं, बर्फ, बँडेज, घंटा. राज्य स्पर्धेला प्रत्येक वजनगटातून क्लबचं एकच नाव जातं. मिडलवेट म्हणजे फार हलका नाही, फार जड नाही असा गट. त्याचं नाव आज ठरायचं होतं.

"ते पॅड बघा," बागवान सर म्हणाले. सरावासाठी भिंतीला गादीसारखं पॅड लावलेलं असतं, त्याबद्दल ते बोलत होते. "उजवी बाजू फाटून स्पंज बाहेर आलाय. तिथं सुमेधचा उजवा हात बसतो. डावी बाजू दुकानातून आणल्यासारखी कोरी. अजून काय पुरावा देऊ?"

"फाटलं ना पण?" शिंदे सर म्हणाले. "अक्षयनं आजवर काय फाडलंय?"

"सर, सुमेधकडे एकच ठोसा आहे."

"पुण्यात एकच पदार्थ विकणारी हॉटेलं आहेत. बाहेर रांग असते."

"असते. आणि दुपारी एकला 'संपले' अशी पाटी लागते. तिसऱ्या राउंडला हा काय विकणार?"

शिंदे सरांनी चहाचा घोट घेतला. उत्तर नसलं की ते चहा घेतात.

सुमेध मूळचा चंद्रपूरकडचा. हडपसरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि उरलेल्या वेळात क्लबात येतो. तेवढ्या वेळात एकच गोष्ट पक्की होते, म्हणून शिंदे सरांनी त्याचा उजवा हात पक्का केला. गेल्या वर्षी त्याचं नाव याच कारणावरून कापलं गेलं होतं. या वर्षीही कापलं तर ग्लोव्ह्ज ठेवून देणार, असं तो मला आदल्या दिवशी शांतपणे सांगून गेला होता. मी कोचना बोलले नाही. निवड दयेवर होऊ नये, असं माझं मत आहे.

शेवटी दोघांची लढत लावून बघायचं ठरलं. रेफ्री बागवान सर. तीन राउंड. घंटा माझी.

अक्षय आयटीत आहे, उंच आहे, पायांनी चपळ आहे. बागवान सरांनी महिनाभर त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: सुमेधच्या उजव्या हातापासून लांब पळायचं. अक्षय सांगितलेलं ऐकतो. पहिल्या राउंडला तो गोल फिरत राहिला आणि अधूनमधून टपली मारल्यासारखे ठोसे लावत गेला. सुमेधचे ठोसे हवेत. दुसरा राउंडही तसाच.

"पाटी लागली," बागवान सर माझ्याकडे बघून म्हणाले.

शिंदे सरांचा चहा संपला होता.

तिसऱ्या राउंडला सुमेधनं उजवा खांदा उचलला. नुसता उचलला, मारलं काही नाही. अक्षय ताबडतोब पळाला, नेहमीच्याच बाजूला. सुमेधनं पुन्हा खांदा उचलला. अक्षय पुन्हा त्याच बाजूला. तिसऱ्यांदा अक्षय तिकडे पोचला तेव्हा सुमेधचा डावा हात तिथं आधीच येऊन थांबला होता.

अक्षय खाली बसला. उठला. बागवान सरांनी आकडे मोजून लढत पुढे चालू केली. पुन्हा खांदा, पुन्हा डावा. अक्षय पुन्हा खाली. बागवान सरांनी हात हलवून लढत थांबवली.

मी बर्फ घेऊन धावले. अक्षय दोरांना टेकून हसत होता.

"मॅडम, हा पदार्थ मेनूवर नव्हता."

"डावा कधी शिकलास रे?" शिंदे सरांनी सुमेधला विचारलं. त्यांचा आवाज वर गेला होता.

"शिकलो नाही जी. उजवा दिसला की सगळेच दुसऱ्या बाजूला पळतात. तिथं डावाच होता, मग मारला."

बागवान सरांनी पॅडच्या कोऱ्या डाव्या बाजूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, सुमेधचं नाव पाठवा. आणि माझं मत लिहून ठेवा. शैली अजूनही मर्यादितच आहे."

"लिहिते," मी म्हटलं. "आजचा निकालही लिहू ना?"

"ते शिंदे सर गावभर सांगतीलच."

त्यांनी सांगितलंच. आम्हा सगळ्यांना एकच पदार्थ मिळणाऱ्या हॉटेलात नेऊन सांगितलं. अक्षयनं दोन प्लेट खाल्ल्या. स्पर्धेपर्यंत सुमेधबरोबर सराव करायचं त्यानं तिथंच कबूल केलं, अट एवढीच की आता दोन्ही बाजूंना पळायची मुभा हवी.

मला यातून कामापुरतं एक कळलं. एक गोष्ट जोरात करणाऱ्या माणसाचं बाकीचं काही कोणी बघत नाही. आणि ते त्याच्या फायद्याचं असतं.

त्या आठवड्यात बिबवेवाडीच्या रिक्षा-सीट शिवणाऱ्या कारागिराला फोन केला. आमचं पॅडही तेच शिवून देतात.

"उजवी बाजूच ना, नेहमीसारखी?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. सुमेध पॅडसमोर उभा होता. डाव्या बाजूची शिवण उसवायला लागली होती.

"दोन्ही धरा," मी म्हटलं.

पॅड अजून द्यायचं राहिलं आहे. सुमेध समोरून हलेल तेव्हा भिंतीवरून काढेन.