पिकलेलं पाणी

वाफारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इस्पितळात बत्तीस वर्षं त्यांनी ज्या खोलीत काढली, तिथे लोखंडी पेट्यांत वाफ कोंडून शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे आणि पट्ट्या निर्जंतुक व्हायच्या. त्यावरून राहत्या इमारतीत मजल्यावरच्या मंडळींनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा पोस्टमननेही त्याच नावाने हाक मारली. निवृत्त झाले तरी वाफ अंगातून गेली नाही. चमचे उकळायचे. दाराची कडी फडक्यानेच धरायचे. पाहुणा उठून गेला की खुर्ची अशी घासायचे, की पाहुण्याने जिन्यातूनच आवाज ऐकून पुन्हा न येण्याचं ठरवावं. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे: उकळल्याची तारीख, वेळ आणि खाली सही. सही कुणासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

या सगळ्यावर घरात एकच उतारा होता, तो म्हणजे त्यांची बायको. मजल्यावर सगळ्यांची काकू. "एकदा मलाही घाला त्या पेटीत, बाहेर नवी कोरी निघेन," असं ती भर जिन्यात म्हणायची आणि वाफाऱ्यांचे कान लाल व्हायचे. तिची जीभ चालू असली की खालच्या मजल्यावर रेडिओ लावत नसत. गरजच पडायची नाही.

मग एका सकाळी काकूच्या हातून सुरी पडली. उचलायला वाकली ती उठलीच नाही. तीन आठवड्यांनी घरी आली, पण उजवा हात आणि वाचा इस्पितळातच राहिली होती.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिने वाफाऱ्यांना बाहेर नेऊन सांगितलं, की शब्द आत आहेत, फक्त वाट बुजली आहे. काही बोलावंसं वाटेल असं काकूंसमोर ठेवा. पहिले सहा महिने हातातून जाऊ देऊ नका. त्यानंतर जे येत नाही, ते बहुधा येत नाही. वाफाऱ्यांनी त्याच दिवशी भिंतीवर चिठ्ठी लावली आणि तिच्यावर सहावा महिना संपण्याची तारीख घातली. सही केली नाही.

त्यांनी सगळं करून पाहिलं. जुने फोटो दाखवले, गाणी लावली. समोरच्या वहिनी रोज तासभर बसून अख्ख्या इमारतीच्या भानगडी मीठमसाला लावून सांगून जायच्या. काकूची पापणी हलली नाही, तेव्हा मजल्याला कळलं की दुखणं खरोखरच गंभीर आहे.

दोन महिने असेच गेले. एकदा डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत नंबर लागायची वाट पाहताना वाफाऱ्यांना दिसलं, की काकू कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे टक लावून बसली आहे. एक पिवळा मासा इकडून तिकडे जात होता, आणि खुर्चीच्या हातावर काकूचं डावं बोट त्याच्या मागोमाग सरकत होतं. वाफाऱ्यांनी नंबर सोडून दिला. दुसरे दोन रोगी आत जाऊन आले, तरी हे आपले बोटाकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी ते शोभेच्या माशांच्या दुकानात हजर झाले. दुकानदार पोट काउंटरवर ठेवून बसणारा, अघळपघळ माणूस. त्याने पिवळे मासे ओळखले. हे सिक्लिड, म्हणाला, दिसायला फुलासारखे आणि वागायला भाऊबंदांसारखे. एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि त्यांना ते शोभतंही. प्रत्येकाला स्वतःचं बीळ लागतं, म्हणून दगड भरपूर रचायचे. ते थेट तळाच्या काचेवर टेकवायचे, नाहीतर हे खालची वाळू उकरतात आणि दगड ढासळतात. पाणी कोमट लागतं, जड, म्हणजे खाराचं लागतं. वाफारे सगळं टिपून घेत होते. इथपर्यंत दोघांचं छान जमलं.

"आणि काका, मासे आज नेऊ नका," दुकानदार म्हणाला. "टाकी लावा, फिल्टर चालू ठेवा, आणि महिनाभर पाणी पिकू द्या."

वाफाऱ्यांचं पेन थांबलं. बत्तीस वर्षांत 'पिकलं' हा शब्द त्यांनी एकाच अर्थाने ऐकला होता. जखम पिकली, टाके पिकले, आणि मग वरून डॉक्टर तणतणत खाली यायचे, की हत्यारं कुणी उकळली होती. हा शब्द त्यांच्या नावावर एकदाही लागला नव्हता, आणि हा ढेरपोट्या माणूस म्हणत होता की मुद्दाम पिकू द्या.

त्यांनी सांगितलं की महिना त्यांच्याकडे नाही. दुकानदाराने खांदे उडवले. पाच मासे दिले, तीन पिवळे आणि दोन निळे. वर आपल्या टाकीतला एक स्पंज पिशवीत घालून दिला, तपकिरी आणि बुळबुळीत. हा असाच फिल्टरमध्ये टाका, म्हणाला, धुऊ नका, काम भागेल. वाफाऱ्यांनी पिशवी दोन बोटांत धरून घरी नेली आणि तो स्पंज वीस मिनिटं उकळला. वाळूला तर कुकरच्या तीन शिट्ट्या दिल्या. समोरच्या वहिनींनी दारातून विचारलं, "भाऊजी, शिजली का हो? का अजून एक द्यायची?" वाफाऱ्यांनी दार लोटलं. टाकीभर पाणीही उकळून, निववून घातलं. भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा खार त्यांनी मोठ्या समाधानाने खरवडून फेकला. झाकणावर चिठ्ठी लावली. सही केली.

काकूची खुर्ची टाकीसमोर आणली. आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस त्या घरात उजाडल्यासारखं झालं. सर्वांत मोठा पिवळा तोंडात वाळू भरून घ्यायचा आणि थेट शेजाऱ्याच्या दारात थुंकायचा. ते बघून काकूच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसलीच ती. वाफाऱ्यांनी तो मासा दाखवून तिला सांगितलं, की हा तुझ्याच माहेरचा दिसतोय. डावी बाजू पुन्हा हलली.

पाचव्या दिवशी पाणी किंचित धुरकट झालं. एखाद्याला ते दिसलंही नसतं, पण वाफाऱ्यांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या लेखी धुरकट म्हणजे जंतू, आणि जंतू म्हटलं की ते हात धुऊन मागे लागणारच. मासे जाळीने काढून बादलीत टाकले, सगळं पाणी फेकलं, दगड, वाळू, स्पंज पुन्हा उकळले, आणि संध्याकाळपर्यंत टाकी शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी लखलखीत करून ठेवली. मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत राहिले. नवं पाणी आहे, रुळतील, असं वाफारे म्हणाले.

तीन दिवसांनी पुन्हा तोच घाट घातला. त्यांनी जाळी पाण्यात घातली आणि मागून आवाज आला.

"न."

वाफारे वळले. काकूचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर ताठली होती. "न... न..."

जाळी हातात तशीच, पाणी गळतंय, आणि हे जिन्यात धावले. मजला गोळा झाला. काय म्हणाली, म्हणून सगळे विचारू लागले. 'न' म्हणाली. म्हणजे काय असेल, यावर उभ्याउभ्या परिषद भरली. वहिनींचं मत पडलं, की नणंदेची आठवण निघाली असेल. वीस वर्षांचं साठलेलं आहे, पहिलं तेच बाहेर पडणार. पण वाफाऱ्यांना उलगडा झाला होता. जाळीत त्या वेळी निळा मासा होता. ती 'निळा' म्हणत होती.

मग शिकवणी सुरू झाली. वाफारे काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "निळा. म्हण, नि-ळा." काकू त्यांच्याकडे बघायची, मग माशांकडे, मग डोळे मिटून घ्यायची. एरवी तिच्या तोंडून हूं की चूं निघत नसे. पण जाळी उचलली, की 'न' हमखास. वाफारे निरीक्षणाला पक्के होते. टाकी धुताना हिला वाचा फुटते, हे त्यांनी हेरलं, आणि तीन दिवसांनी धुवायची टाकी ते एक दिवसाआड धुऊ लागले. मग रोज. भिंतीवरच्या तारखेखाली नोंदी वाढत गेल्या: न, दोनदा. न, चारदा. न, सहादा, जोरात. प्रत्येक नोंदीखाली सही.

व्यायामाची मुलगी नोंदी वाचून खूश झाली. हे काय करताय ते सोडू नका, असं तिने सांगितलं.

निळे आधी गेले. एक सकाळी दगडामागे सापडला, दुसरा त्याच दिवशी संध्याकाळी. काकूला कळू नये म्हणून वाफाऱ्यांनी ते रुमालाआड उचलले. जणू टाकीसमोर अख्खा दिवस बसणाऱ्या बाईला पाचाचे तीन झालेले मोजता येत नव्हते. मग दोन पिवळे गेले. शेवटी वाळू थुंकणारा तेवढा राहिला, एका अंगावर कलंडलेला, कल्ले उघडे टाकून धापा टाकणारा. याला तरी वाचवायचं म्हणून वाफाऱ्यांनी पाणी दोनदा उकळलं आणि जाळी हातात घेतली. थोडं थांबले. मागून आवाज आला नाही. वळून पाहिलं, तर काकूने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. जमेल तेवढी मान वळवून ती रंगाचे पोपडे बघत होती. त्यांनी जाळी खाली-वर केली, पाणी डचमळवलं, हाक मारली. ती वळली नाही. दुपारी मासा मेला.

वाफारे दुकानात गेले, भांडायलाच. रोगट माल गळ्यात मारला, म्हणाले. दुकानदाराने शांतपणे विचारलं, की तो स्पंज घातला होता ना? घातला होता, वाफारे म्हणाले, वीस मिनिटं उकळून.

दुकानदाराने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. माशाची घाण माशालाच विष होते. ती घाण खाणारे जंतू त्या स्पंजावरच्या बुळबुळीत थरात असतात. ते रुजले, वाढले, की पाणी पिकलं. पिकलेल्या पाण्यात मासा वर्षानुवर्षं जगतो. उकळलं की जंतू मेले, पाण्यातली हवा उडाली, आणि या माशांना हवा असलेला खार भांड्याला चिकटला. वर रोज पाणी बदललं, म्हणजे त्यांच्या जिवाला रोज नवा धक्का. आठवड्याला एक बादली बदलायची होती, काका, तीही मासे न हलवता.

वाफारे खुर्ची न पुसता बसले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी बायकोचं सांगितलं. टाकी उगाच धुवत नव्हतो, म्हणाले. जाळी पाण्यात गेली की ती बोलायची. रोज, न चुकता. 'न' म्हणायची. निळा म्हणायचं असायचं तिला.

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "नको म्हणत असतील."

एवढंच. त्याला त्यात काही विशेष बोललो असं वाटलंही नाही. त्याने पिशवीला गाठ मारली आणि वाफाऱ्यांसाठी दुसरा मळका स्पंज काढला.

घरी येऊन वाफारे काकूच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते एरवी कधी खाली बसत नसत. "नको म्हणत होतीस?" त्यांनी विचारलं. काकूने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर त्यांना झेपली नाही. तेच खाली बघू लागले. मग म्हणाले, "आता म्हण. एकदा म्हण, मी ऐकतो." काकू पुन्हा भिंतीकडे वळली.

स्पंज त्यांनी तसाच फिल्टरमध्ये टाकला. नंतर त्यांनी नळाखाली हात धरले, तेव्हा पाऊण तास पाणी वाहत होतं, असं वहिनी सांगतात; त्यातला अर्धा तास खरा मानायला हरकत नाही. महिनाभर रिकाम्या टाकीत ते रोज चिमूटभर खाद्य टाकत, कारण आतले जंतूही उपाशी ठेवायचे नसतात, असं दुकानदाराने बजावलं होतं. मजल्यावर बोलणं निघालं, की वाफारे आता पाण्याला जेवू घालतात. लोक हसले. मग वाफाऱ्यांसमोर हसायचे थांबले.

पाणी पिकलं. काचेवर हिरवी झाक आली, दगडांवर तपकिरी लव धरली. चार सिक्लिड आणले, तेही तीन आठवड्यांत थोडे थोडे करून. एकही दगावला नाही. खातात, भांडतात, बिळं बळकावतात. टाकी बघून दुकानदार स्वतः म्हणाला, की माझ्या दुकानात अशी नाही.

भिंतीवरची तारीख आली आणि गेली. व्यायामाची मुलगी आता आठवड्यातून एकदाच येते. हाताबद्दल बोलते, वाचेचा विषय काढत नाही. काकूची खुर्ची टाकीसमोरच असते. ती कधी माशांकडे बघते, कधी भिंतीकडे. बोट हलत नाही.

आठवड्यातून एकदा वाफारे बादलीभर पाणी बदलतात. त्याला जाळी लागत नाही. मासे हलवायचेच नसतात. तरी ते आधी जाळी घेतात, पाण्यात बुडवतात आणि काकूकडे बघत थांबतात. मासे घाबरून बिळांत शिरतात. टाकी रिकामी दिसू लागते.

"काढू?" ते विचारतात.

पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत असतात. हात भरून येईपर्यंत ते तसेच वाकून उभे राहतात. मग जाळी बाहेर काढतात, नळी लावतात आणि पाणी बादलीत सोडतात.