खोगीरवाल्याची दुपारची अंघोळ

आमच्या गल्लीत एकदा कुजबुज उठली, की खोगीरवाला रोज दुपारी दुकानाचं दार ओढून घेतो, साबण चोळचोळून अंघोळ करतो, धुतलेला सदरा चढवतो आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. बाई विधवा, नीटनेटक्या, गावाबाहेर त्यांचा तबेला. आता याच्या पुढचं मी सांगायला हवं का?

खोगीरवाला म्हणजे जन्मभर चामडं कापून, शिवून, पॉलिश घासून त्याच वासात मुरलेला माणूस. लग्नातसुद्धा त्याच्या नखांत पॉलिश होतं, असं त्याची बायकोच सांगे. असा माणूस साबण झिजवायला लागला तर शंका येणारच. मी वहिनींना एवढंच म्हणालो, "हल्ली दादा फार उजळलेत."

"माझ्यासाठी कधी उजळले नाहीत ते," वहिनी म्हणाल्या. साबणाची वडी त्यांनी आधीच उजेडात धरून पाहिली होती.

विचारलं की तो म्हणे, घोडीची म्होरकी ठरवायची आहे. बाईंची अरबी घोडी प्रदर्शनात उतरणार. तोंडावरची म्होरकी नियमात बसायला हवी आणि घोडीला सोसायलाही हवी.

"एका घोडीला तोंडं तरी किती असतात, की रोज जावं लागतं?" वहिनी म्हणाल्या.

शेवटी एका दुपारी त्यांनी नवऱ्याची हत्यारांची पिशवी उचलली. विसरलात म्हणून आणली, असं सांगायचं. मीही सोबत निघालो. पुढचं तुम्हाला सांगायला कुणीतरी हवंच होतं.

तबेल्यात खोगीरवाला घोडीच्या गालावर हात ठेवून उभा, बाई हातभर अंतरावर. वहिनी आत शिरल्या मात्र, घोडीनं मान झटकली आणि फुरफुरत मागच्या भिंतीला जाऊन भिडली.

"अगं, तू बाहेर हो आधी," तो म्हणाला.

"मी बाहेर, आणि या आत?"

"ती पिशवी बाहेर ने म्हणतोय."

"पिशवीचं निमित्त. कळतं मला, अहो."

पिशवी मी घेतली आणि दाराबाहेर उभा राहिलो. डोळे-कान आतच ठेवले.

भांडण वाढायला नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक डबा उघडला. आत दोरीसारखी बारीक, चकचकीत म्होरकी. खोगीरवाल्यानं केलेली खुंटीला होती, रुंद पट्टीची, आतून मऊ अस्तराची.

"यांची जरा जाड दिसते हो," बाई वहिनींना म्हणाल्या. "घोडीचं नाजूक तोंड झाकून जातं. ही मी बाहेरून मागवली. यांना दाखवायचा धीर झाला नाही. तुम्हीच सांगा, कुठली घालू?"

"यांच्यापासून आणखी काय काय लपवता तुम्ही?" वहिनींनी म्होरकी हिसकलीच. त्या दिवशी तबेल्यातल्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. नाकावरची पट्टी त्यांनी वाकवली, सोडली. ती टणकन उसळली. पुन्हा वाकवली.

"कातडं असं उसळत नाही. आमच्या घरात काय कमी कातडं पाहिलंय? आत काहीतरी आहे."

खोगीरवाल्यानं शिवण उसवली. आत तार निघाली. नाकपट्टीत तार नियमाला चालत नाही. दोरी ओढली की ती थेट हाडात रुतते. घोडीच्या नाकावर तसला एक जुना पांढरा वण होताच.

बाई गवताच्या पेंडीवर बसल्या. "मी हीच घालणार होते. दारातूनच परत पाठवलं असतं आम्हाला."

प्रदर्शनात तपासनिसानं रुंद म्होरकीखाली बोटं सरकवली, पट्टी वाकवून पाहिली आणि घोडीला आत सोडलं. नंबर आला नाही. "तोही माझ्यासारखाच वाकवतो की," वहिनी म्हणाल्या. पण घरी साबणाची वडी त्या अजूनही तपासत.

राहता राहिली अंघोळ. घोडीच्या त्या वणाची जखम ओली असताना आधीच्या मालकानं तिच्यावर टर्पेंटाईनचं झोंबणारं औषध चोळलं होतं. दुकानातल्या पॉलिशला आणि त्या हत्यारांच्या पिशवीलाही तोच वास येतो. तो वास आला की घोडी तोंडाला हात लावू देत नव्हती. म्हणून खोगीरवाला अंघोळ करून जायचा.